तीस सेकंदांत गैरहजर

वकार अहमद आमच्या तूर खरेदी केंद्रावर रुजू झाला तेव्हा त्याच्या खांद्याला एक कापडी पिशवी होती. पिशवीत जुना लॅपटॉप, दोन पेचकस, एक टेस्टर आणि जेवणाचा डबा. पत्रात त्याचं पद 'तांत्रिक सहायक (कंत्राटी)' असं होतं, मुदत अकरा महिने. मी केंद्रप्रमुख. शिक्षण बी.कॉम., नोकरी चौतीस वर्षांची, आणि संगणकाचं ज्ञान एवढंच की तो बंद पडला तर कोणाला हाक मारायची ते ठाऊक. त्या हंगामापासून ती हाक वकारला जाऊ लागली.

केंद्र अकोटच्या अलीकडे एका बाजार आवारात होतं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली बरीच माणसं अजून त्याच जागी बसतात.

वकार अकोल्याचा. वडील काटे दुरुस्त करायचे, ते गेल्यावर आई बिस्मिल्लाबीने शिलाई करून त्याला पॉलिटेक्निकपर्यंत नेलं. पुण्यात एका कंपनीत आठ महिने काढून तो परत आला. "का परत आलास?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "तिथं साहेब, मी बोललो का पोट्टे हसत. म्हनत, हे मराठी आहे का हिंदी? मी म्हनलो, हे अकोला आहे." कीबोर्डला हात लावण्याआधी तो रुमालाने बोटं पुसायचा. यंत्र बिघडलं असं कधी म्हणायचा नाही. "अडलं" म्हणायचा.

ते साल सतरा. आधी पावसाने ओढ दिलेली वर्षं गेली, आणि मग तूर अशी पिकली की बाजारात भाव बसला. जो तो सरकारी खरेदीकडे धावला. आवारात पोत्यांच्या थप्प्या, थप्प्यांवर माणसं, माणसांच्या हातात टोकन. त्याच हंगामात वरच्या कार्यालयाने नवं सॉफ्टवेअर दिलं होतं. पुण्याच्या एका कंपनीने केलेलं. नोंदणी, काटा, पावती आणि मोबाईलवरचा संदेश असे त्याचे सुटे भाग होते, आणि सगळे एका मुख्य सर्व्हरला जोडलेले. टोकन पुकारलं की काट्यावर तोल सुरू, शेवटी पावती आपोआप बाहेर. माणसाने फक्त पोतं उचलायचं.

पाच एप्रिलला सकाळी टोकन क्रमांक दोनशे चौऱ्याहत्तर पुकारलं गेलं, काटा क्रमांक तीन. वच्छलाबाई नावाच्या एक शेतकरीण होत्या. अकरा दिवस वाट पाहून त्यांचा नंबर लागला होता. मापारी शेषरावने त्यांची पोती तोलायला घेतली. पाचवं पोतं झालं तरी स्क्रीनवर आकडा चढेना. मी जाऊन पाहिलं. स्क्रीनवर लिहिलं होतं : 'शेतकरी गैरहजर. टोकन बंद.'

"गैरहजर म्हंजे?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"म्हणजे तुम्ही आला नाहीत असं दिसतंय."

"मी आली नाई? मंग हे तुमच्याशी कोन बोलून राह्यलं? माह्यं भूत?"

भोवतीचे लोक हसले. शेषराव म्हणाला, "बाई, सोताले चिमटा घेऊन पाहा, हाये का नाई ते."

"तुलेच घेते थांब चिमटा," बाई म्हणाल्या. "अन हे पोते? हे बी भुताचेच हायेत का?"

बंद झालेलं टोकन उघडत नसे. नियमाप्रमाणे मी त्यांची नवी नोंदणी करून दिली. नवा नंबर तीन हजार चारशे बारा आला. बाईंनी तो कागद लांब धरून पाहिला. "सायेब," त्या म्हणाल्या, "हा नंबर येईपावतर तुरीले कोंब येतीन."

असं होणाऱ्या त्या पहिल्या नव्हत्या. आधी बरेच जण गुपचूप पुन्हा रांगेत लागले होते. बोलल्या त्या पहिल्या.

वकारने पुण्याला फोन लावला. तिकडे रागिणी नावाच्या इंजिनिअर बाई होत्या. आवाज गोड, घाईचा.

"आमच्याकडे सगळं हिरवं दिसतंय," त्या म्हणाल्या.

"मॅडम, तिकडं हिरवं असंल. इकडं जिते मानसं यादीतून गायब हून राह्यले."

"नेटवर्क असणार. केबल बदलून बघा."

आम्ही केबल बदलली. मग गच्चीवरचा अँटेना बदलला. मग प्रिंटर. रोज आठ-दहा माणसं गैरहजर होतच राहिली. वकारने सर्व्हरची नोंदवही उघडली, म्हणजे सर्व्हर स्वतःच मिनिटामिनिटाला जी लिहितो ती. प्रत्येक गैरहजर माणसापुढे एकच ओळ होती : ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही.

"कोणाचं उत्तर?" मी विचारलं.

"असं समजा साहेब," तो म्हणाला, "तुमचं हपीस आहे. चार टेबलं. नोंदणीचं, काट्याचं, पावतीचं, संदेशाचं. मोठे साहेब बेल वाजवतेत : दोनशे चौऱ्याहत्तर नंबर आला. आता चारी टेबलांनी तीस सेकंदांत 'झालं' म्हनायचं. तीन टेबलं म्हनतेत. काट्याचं टेबल गप्प. तर मोठे साहेब काय करतेत? काहून गप्प आहे हे इचारत नाहीत. मानूस आलाच नाही असं लिहून टाकतेत, अन पुढची बेल."

"आणि ते काट्याचं टेबल?"

"ते बिचारं काम करूनच राह्यलं ना. पस्तिसाव्या सेकंदाले वजन घेऊन येते. पन तवर दार बंद."

हे मला समजलं. असे साहेब मी पाहिले होते. पण काट्याचं टेबल कधी अडतं आणि कधी अडत नाही, हे त्यालाही कळत नव्हतं. सर्व्हरच्या नोंदीत तेवढं नव्हतं.

ते माझ्याकडे होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षापासून मी एक रजिस्टर ठेवत आलो. दर तासाला कोण आलं, कोणत्या काट्यावर गेलं, मापारी कोण, काही वेगळं घडलं तर ते. कोणी सांगितलेलं नाही, माझी सवय. सहकारी त्यावर हसत आले. वकार हसला नाही. त्याने रजिस्टर मागितलं, दोन दिवस बोट फिरवत वाचलं, आणि एक कागद माझ्यापुढे ठेवला. गैरहजर झालेले जवळपास सगळे काटा क्रमांक तीनवरचे, आणि सकाळी आठ ते दोनच्या पाळीतले.

"ह्या पाळीले तिथं कोन असते?" त्याने विचारलं, जरी कागदावर त्यानेच लिहिलं होतं.

"शेषराव," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तो घड्याळ काढून काटा क्रमांक तीनच्या शेजारी एका पोत्यावर बसला. मीही उभा राहिलो. शेषराव काय करतो ते मी चौदा वर्षं पाहत होतो, म्हणून मला ते दिसतच नव्हतं.

आमच्याकडचा जुना मापारी पहिल्या पोत्याला 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. शेषरावचं त्यापुढेही एक होतं. लाभाचं पोतं काट्यावर चढलं की तो मागे सरायचा. मालाच्या धन्याने पोत्यावर हात ठेवायचा, डोळे मिटून जे काय म्हणायचं ते म्हणायचं, मग तोंड उसवून एक मूठ तूर मागच्या कडुनिंबाखाली पाखरांना टाकायची. कोणी देवाचं नाव घेई, कोणी बिस्मिल्ला म्हणे, कोणी नुसतंच उभं राही. शेषराव सगळ्यांसाठी सारखाच थांबायचा. हात निघाला की 'लाभ'. तोवर नाही. बाकीच्या काट्यांवर ठेकेदाराने आणलेली बाहेरची माणसं होती. ती एक, दोन, तीन म्हणत आणि पोती भिरकावत.

काट्याच्या डब्यावर एक छोटा हिरवा दिवा असतो. वजन स्थिर झालं की तो लागतो आणि मग आकडा पुढे जातो. पोत्यावर माणसाचा हात असेल तर आकडा थरथरत राहतो.

"एकवीस," वकार घड्याळ पाहत म्हणाला. पुढच्याला, "चौदा." मग एक म्हातारे आले. त्यांनी हात ठेवला आणि डोळे मिटले. त्यांचे ओठ बराच वेळ हलत होते. भोंग्यातून पुढचा नंबर पुकारला गेला तरी त्यांचा हात पोत्यावरच होता.

"सदतीस," वकार म्हणाला. त्याने घड्याळ खिशात ठेवलं.

म्हणजे ज्यांना म्हणण्यासारखं जास्त होतं, ते गैरहजर झाले होते.

दुपारी तो शेषरावजवळ गेला. "काका, लोकायले जरा हात लवकर काढाले सांगा ना."

"काहून? तुह्या मशीनले घाई हाये का?"

"हाओ. तीस सेकंदाची."

"वर्षभर राबून पिकवली, पोरावानी राखली, अन हात ठेवाले तीस सेकंद?" शेषराव म्हणाला. "तुह्या मशीनले म्हनाव, आधी लगन कर. मंग समजन सबुरी काय रायते."

हमाल हसले. सगळ्यांत जास्त वकार हसला. पण माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "साहेब, गलती काकाची नाही. ज्यानं लिहिलं त्यानं धरलं का पोतं पडलं का वजन झालं. पोत्यावर हात असते हे त्याले कोनी सांगितलंच नाही."

त्याने पुण्याला पत्र लिहिलं. मराठी मी तपासलं. काय घडतं, का घडतं, आणि दोन उपाय. तात्पुरता, की वाट पाहण्याची मर्यादा वाढवा. खरा, की काट्याच्या भागाने 'हाक ऐकली' एवढं उत्तर लगेच द्यावं आणि तोल आपला सावकाश करावा, म्हणजे कोणाचाच खोळंबा नाही. सोबत माझ्या रजिस्टरच्या प्रती. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं : 'सदर अडचण स्थानिक पद्धतीमुळे उद्भवली आहे. प्रणालीत दोष नाही. तक्रार बंद करण्यात येत आहे.' त्याच दिवशी माझ्या वरिष्ठ कार्यालयाचं पत्र आलं. काट्यावरील अनावश्यक प्रथा तात्काळ थांबवाव्यात.

मी ते शेषरावला वाचून दाखवलं. तो भांडला नाही. टोपी काढून झटकली, पुन्हा घातली. दुसऱ्या दिवसापासून कोणालाही पोत्याला हात लावू दिला नाही, आणि पहिल्या पोत्याला, दुसरीकडे पाहत, 'एक' म्हणू लागला.

गैरहजर होणं थांबलं. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'अडचण दूर झाली.' मला समाधान वाटलं होतं, हे लपवत नाही.

वकारने ती ओळ वाचली. "दूर कुठं झाली साहेब? एकशे सत्त्याऐंशी लोक हायेत."

"त्यांना नवे नंबर दिलेत."

"नवे नंबर जूनमधी येतीन. खरेदी शनिवारले बंद."

शनिवार म्हणजे बावीस एप्रिल. त्या दिवशी सोमवार होता. मी मंगळवारी कार्यालयाला परवानगी मागितली : चुकून गैरहजर दाखवलेल्या एकशे सत्त्याऐंशी शेतकऱ्यांची टोकनं पुन्हा उघडण्याबाबत. फोनवर उत्तर मिळालं, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, कार्यालयाकडून लेखी आणा. बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी सकाळी वकार माझ्यासमोर उभा राहिला.

"साहेब, चावी माह्याकडं आहे. सर्व्हरचा पासवर्ड."

"चावी असणं वेगळं, परवानगी असणं वेगळं."

"मालूम आहे. म्हनून तुमाले सांगून राह्यलो. नाही तर आतापावतर उघडलं असतं."

त्याने यादी पुढे ठेवली. प्रत्येक नावापुढे तारीख, वेळ आणि माझ्या रजिस्टरचं पान. मी सवयीने सगळी नावं वाचली. एकशे बाराव्या नावाशी थांबलो. ताहेर खान.

"हे कोण?"

"माह्ये मामू."

"त्यांचं नाव काढ."

"काहून?"

"उद्या कोणी बोट दाखवेल."

"ते बी उभेच होते साहेब. तुमच्याच रजिस्टरात आहे. अकरा तारीख, दहा पन्नास. हात पोत्यावर होता." त्याने त्या नावावर बोट ठेवलं. "माह्ये मामू आहेत म्हनून गैरहजर ठेवू का?"

मी नाव राहू दिलं. पण एक पद्धत होती. वाणिज्य शाखेत आम्हाला शिकवलं गेलं होतं की जिथे नातं असेल तिथे ते आधीच लिहून उघड करावं. लपवलं तर दोष, सांगितलं तर नाही. मी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं : 'आज सकाळी ११.२० वाजता वकार अहमद यांनी प्रतीक्षा-मर्यादा तीस सेकंदांवरून एकशे ऐंशी केली व १८७ टोकनं पुन्हा उघडली. लेखी परवानगी प्राप्त नाही. यादीतील क्र. ११२ हे त्यांचे सख्खे मामा आहेत.' त्याला वाचून दाखवलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला, आणि खाली त्याने सही केली. मी सही मागितली नव्हती. माझी मात्र मी केली नाही. रजिस्टर माझं, अक्षर माझं, तेव्हा वेगळी सही कशाला, असं त्या वेळी मी स्वतःला सांगितलं.

मग तो शेषरावकडे गेला. "काका, दोन दिवस 'लाभ' म्हना."

"ना बापा. पुन्हा माह्यावर कागद येईन."

"आता कागद आला तर माह्यावर येईन. तुमी म्हना."

शुक्रवार आणि शनिवार मिळून एकशे चाळीस जण आले. तिन्ही काटे चालू होते, पण बऱ्याच जणांनी तीन नंबरसमोरच रांग धरली. शेषराव मागे सरत होता, हात निघेपर्यंत थांबत होता. एकही टोकन बंद पडलं नाही. ताहेर खान आले, त्यांनी हात ठेवला, तोल झाला, ते गेले. भाच्याशी दोन शब्दही बोलले नाहीत. वकारनेच तसं बजावलं असावं.

शनिवारी पाचच्या सुमारास वच्छलाबाई आल्या. हातात फक्त पिशवी.

"माल कुठे आहे?" मी विचारलं.

"गेला. त्याच हप्त्यात. गावातल्या व्यापाऱ्यानं नेला. तुमी तीन हजारावरचा नंबर देला, मंग पोते काय डोक्यावर घेऊन बसू?"

"मग आज आलात कशासाठी?"

"मोबाईलवर आलं ना, टोकन चालू झालं म्हनून. म्हंजे मी हजर होती हे समजलं तुमाले. तो कागद द्या."

वकारने खटपट करून पाहिली. "बाई, तोल झाल्याशिवाय पावती निघत नाही."

"मी तोलाची मागून नाई राह्यली. हजर होती, एवढ्याचाच दे." बाईंचा आवाज खाली आला. "माहा दीर साऱ्या गावात सांगते, हे तिथं गप्पा हाकत बसली अन नंबर हुकवला. पोरगा बी तेच म्हन्ते. त्याईले दाखवाले पाह्यजे."

वकारने माझ्याकडे पाहिलं. केंद्राचा शिक्का माझ्या खणात होता.

"असा नमुना नाही," मी म्हणालो.

बाईंनी मला नीट पाहून घेतलं. "तुमच्यापाशी गैरहजरचा हाये, हजरचा नाई," त्या म्हणाल्या, आणि पाच चाळीसच्या एसटीने गेल्या. उरलेले सेहेचाळीस आलेच नाहीत. त्यांचाही माल गेलेला होता.

सोमवारी पुण्याच्या नोंदींत बदल दिसला. बुधवारी माझं रजिस्टर ताब्यात घेतलं गेलं. आरोप दोन. प्रणालीत विनापरवाना छेडछाड, आणि नातेवाइकाला फायदा. दुसरा आरोप कोणाच्याही ध्यानात आला नसता. एकशे सत्त्याऐंशी नावांत एका ताहेर खानचा भाचा कोण, हे कोण शोधणार होतं? तो माझ्या अक्षरात लिहिलेला होता, खाली वकारची सही होती.

सुनावणी अमरावतीला झाली, चौदा जुलैला, शुक्रवारी. वेळ अकराची. मी साक्षीदार, आणि कार्यवृत्त लिहून घेण्याचं कामही माझ्याकडेच आलं, कारण माझं अक्षर चांगलं. वकार साडेदहापासून बाहेरच्या बाकावर होता. आत दुसरी प्रकरणं चालू होती. एक वाजला, तरी त्याला कोणी बोलावलं नाही. मी पाणी प्यायला बाहेर आलो तेव्हा तो म्हणाला, "साहेब, जुम्मा आहे. मशीद इथं मागंच आहे. जाऊन येतो, शिपायाले सांगितलं."

"लवकर ये," मी म्हणालो.

तो गेला आणि दहा मिनिटांत त्याचं नाव पुकारलं गेलं. शिपाई जेवायला गेला होता. मी चौकशी अधिकाऱ्यांना सांगितलं की ते सकाळपासून बाहेर होते, नमाजाला गेलेत, येतीलच. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. वाईट माणूस नव्हता. त्यालाही बडनेऱ्याहून गाडी होती.

"किती वेळ थांबायचं?" ते म्हणाले. "पंधरा मिनिटं थांबू."

पंधरा मिनिटं थांबले. मग माझ्याकडे वळले. "ही नोंद तुमचीच?"

"होय. पण त्यामागे..."

"एवढंच विचारलं."

माझ्या खिशात चार पानांचं निवेदन होतं. घड्याळाच्या वेळा, पोत्यावरचे हात, पुण्याचं उत्तर, सगळं क्रमाने. ते मी पुढे केलं. ते म्हणाले, "आवक शाखेत द्या." मला निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलं होतं. मी ते आवक शाखेत दिलं, पोच घेतली, आणि परत येऊन कार्यवृत्त पूर्ण केलं. अधिकाऱ्यांनी सांगितलं तसं लिहिलं : 'संबंधित कंत्राटी कर्मचारी सुनावणीस गैरहजर.' खाली सही करायची होती. या वेळी मी केली.

जिन्यात वकार भेटला. धावत येत होता, टोपी हातात. "झालं का चालू?" त्याने विचारलं.

"झालं," मी म्हणालो. तो मला आत नेऊ पाहत होता, पण दाराला कुलूप लागलं होतं.

कंत्राट रद्द झालं. पुन्हा कुठे घेऊ नये अशा यादीत नाव गेलं. एकशे चाळीस जणांची तूर परत देता येण्यासारखी नव्हती, म्हणून ती राहिली. उरलेल्या सत्तेचाळीस जणांची टोकनं पूर्ववत करण्यात आली, म्हणजे गैरहजर.

पुढच्या हंगामात कंपनीची सुधारित आवृत्ती आली. परिपत्रक मी वाचलं, त्याची प्रत घेतली आणि अकोल्याला गेल्यावर ताजनापेठेच्या मागे वकारचं दुकान शोधलं. घराच्याच पुढच्या खोलीत वडिलांचा जुना धंदा त्याने पुन्हा सुरू केला होता. टेबलावर उघडा काटा, भोवती व्यापाऱ्यांचे आणखी पाच-सहा काटे ओळीने.

त्याची आई चहा घेऊन आली. कप ठेवताना मला न्याहाळून त्याला विचारलं, "यही हैं क्या वो, लिखनेवाले साहब?"

"अम्मी, चाय रख और जा," वकार म्हणाला. मी खाली पाहिलं.

मग मी परिपत्रक पुढे केलं. त्याने बोटं पुसली, वाचलं. 'ग्रामीण केंद्रांवरील कार्यपद्धतीचा सखोल अभ्यास करून प्रतीक्षा-मर्यादा एकशे ऐंशी सेकंद निश्चित करण्यात आली आहे.'

तो हसायला लागला. खरंखुरं हसला, पोट धरून. "एकशे ऐंशीच ठेवले? साहेब, ते तर मी अंदाजानं ठेवलं होतं! घाईत जो आकडा सुचला तो." डोळे पुसत तो म्हणाला, "अन ती दुसरी गोष्ट? 'हाक ऐकली' एवढं लगेच सांगाची?"

"ती नाही घेतली."

"मंग कधी तरी एकशे एक्क्याऐंशीवाला येईनच," तो म्हणाला. हसू गेलं होतं. "शेषराव काका 'लाभ' म्हनतेत?"

"नाही. एक म्हणतो. परवानगी आहे आता, तरी म्हणत नाही."

तो काट्यात पेचकस फिरवत राहिला. मग वर न पाहता म्हणाला, "वच्छलाबाई आल्या होत्या. हा काटा त्यायच्या गावच्या व्यापाऱ्याचा, त्याच्याच गाडीत बसून. कोनी तरी पत्ता देला. अजून तोच कागद मागून राह्यल्या." टेबलाच्या खणातून त्याने एक कोरा कागद काढला. "द्या ना लिहून. नमुना नसला तरी. आता तर तुमी रिटायर हून राह्यले."

मी लिहिलं. पाच एप्रिल, टोकन क्रमांक दोनशे चौऱ्याहत्तर, काटा क्रमांक तीन, वच्छलाबाई स्वतः मालासह हजर होत्या, मी पाहिलं आहे. सही केली. शिक्का अर्थात नव्हता. वकारने कागदाची घडी घातली आणि त्या व्यापाऱ्याच्या काट्याला चिकटपट्टीने चिकटवली, म्हणजे काट्याबरोबर गावी पोचेल.

तेवढ्यावर मला उठता आलं नाही. मी दुसरा कागद मागितला. त्यावर लिहिलं की चौदा जुलैला, शुक्रवारी, वकार अहमद अमरावतीच्या कार्यालयात सकाळी साडेदहापासून हजर होते, दीड वाजता शिपायाला सांगून नमाजाला गेले आणि परत आले. सही केली आणि त्याच्यापुढे सरकवला.

त्याने शेवटपर्यंत वाचला. "दीड नाही साहेब," तो म्हणाला, "एक वीस." मी खाडाखोड करून आकडा बदलला आणि बाजूला पुन्हा सही केली. तो कागद त्याने माझ्याकडेच परत दिला.

"हा तुमच्या फायलीत लावा," तो म्हणाला, आणि काट्याचं झाकण बसवायला लागला.

येत्या महिनाअखेरीस मी निवृत्त होतो आहे. कार्यभार सोपवण्याची यादी तयार आहे. रजिस्टरं, चाव्या, शिक्के, सगळं तिच्यात आहे. त्या प्रकरणाची फाईल अमरावतीला बंद झाली, आणि बंद फाईलला कागद लावता येत नाही. तो माझ्या खिशात आहे.